झुपकीची शेंग आणि हट्टी लाल गाडी

एक होती खार. तिचं नाव झुपकी. खार एवढीशी, शेपटी एवढी मोठ्ठी!

झुपकीला मिळाली भुईमुगाची एक शेंग. सकाळभर शोधली, तेव्हा कुठे मिळाली. आणि हातातून निसटली!

गडगड गडगड गडगड गेली. एका छोट्या लाल गाडीच्या चाकाखाली जाऊन बसली. गच्च!

झुपकीनं हातांनी ओढली. निघेना. दातांनी ओढली. निघेना. झुपकी रडायला लागली. चिक् चिक् चिक्!

गाडी होती पिंगळेकाकांची. काका आत बसून किल्ली फिरवत होते.

किर्र... किर्र... फुस्स!

"चल गं बाई," काका म्हणाले. गाडी ढिम्म! काका खाली उतरले. पुढचं झाकण उघडलं. आत बघितलं. डोकं खाजवलं. कळलं काहीच नाही.

झुपकी म्हणाली, "गाडीताई, गाडीताई, जरा हल ना. माझी शेंग मिळेना!"

गाडी म्हणाली, "इंजिन घुरघुरत नाही. मी नाही हलत जा!"

टुणुक टुणुक झुपकी गेली इंजिनाकडे.

"इंजिनदादा, इंजिनदादा, घुरघुर ना.
गाडी जागची हलेना,
माझी शेंग मिळेना!"

इंजिन म्हणालं, "प्लग ठिणगी पाडत नाही. मी नाही घुरघुरत जा!"

टुणुक टुणुक झुपकी गेली प्लगकडे. प्लग बोटाएवढा, पण तोरा केवढा!

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, ठिणगी पाड ना.
इंजिन काही घुरघुरेना,
गाडी जागची हलेना,
माझी शेंग मिळेना!"

प्लग म्हणाला, "बॅटरी जोर देत नाही. मी नाही ठिणगी पाडत जा!"

टुणुक टुणुक झुपकी गेली बॅटरीकडे.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, जोर दे ना.
प्लग ठिणगी पाडेना,
इंजिन काही घुरघुरेना,
गाडी जागची हलेना,
माझी शेंग मिळेना!"

बॅटरी म्हणाली, "तारा जोडलेले माझे दोन कान बघ. पांढरा पांढरा मळ साचलाय. फरीदामावशी कान घासत नाही. मी नाही जोर देत जा!"

(कुणाकुणाचे कान असेच असतात. आपण नाव नाही घ्यायचं हं!)

फरीदामावशीचं गॅरेज समोरच होतं. मावशी बिघडलेल्या गाड्या नीट करायची. टुणुक टुणुक झुपकी गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी, कान घास ना.
बॅटरी जोर देईना,
प्लग ठिणगी पाडेना,
इंजिन काही घुरघुरेना,
गाडी जागची हलेना,
माझी शेंग मिळेना!"

मावशी म्हणाली, "माझा ब्रश पेटीत. पेटीवर बोका झोपलाय. बोका उठत नाही. मी नाही कान घासत जा!"

एवढी मोठी मावशी. आणि बोक्याला घाबरते!

झुपकी पण घाबरली. पण शेंग? शेंग तर हवीच!

हळू... हळू... झुपकी गेली बोक्याकडे.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना.
मावशी कान घासेना,
बॅटरी जोर देईना,
प्लग ठिणगी पाडेना,
इंजिन काही घुरघुरेना,
गाडी जागची हलेना,
माझी शेंग मिळेना!"

बोक्यानं एकच डोळा उघडला. "मला झोप आलीय. मी नाही उठत जा!" आणि डोळा मिटला.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही!

झुपकीनं पाठ फिरवली. शेपटीचं टोक घातलं बोक्याच्या नाकात. गुदूगुदू गुदूगुदू...

"आऽऽऽक् छीं!"

बोका उडाला. थेट पत्र्यावर गेला!

बोका उठला, मावशीनं ब्रश काढला.
कान घासले, खसाखसा.
काकांनी किल्ली फिरवली.
बॅटरीनं जोर दिला, झुम्म!
प्लगनं ठिणगी पाडली, चट्!
इंजिन घुरघुरलं, घुर्र घुर्र घुर्र!
गाडी हलली, आणि शेंग फुटली, कट्!

काका म्हणाले, "फरीदाताई, कालच तर धुतली होती हो गाडी!"

मावशी म्हणाली, "अहो काका, बाहेरून चकचक! आणि कान कोण बघणार?"

काकांनी गुपचूप आपलेच कान चाचपले.

आणि झुपकी? फुटलेल्या शेंगेत दोन दाणे. लाल लाल, गोल गोल. एक दाणा या गालात, एक दाणा त्या गालात. कुटुम कुटुम कुटुम!

गाडी गेली लांब लांब,
गोष्टीबाई, इथेच थांब!