लढवय्या, वैद्य आणि मशालजी

डोंगराखालच्या एका गावात गोंदाजी नावाचा खेळणी घडवणारा कारागीर राहत असे. हात सोन्याचे, पण कुणाला ‘नाही’ म्हणायचं अगदी त्याच्या जिवावर येई.

तिथल्या म्हाताऱ्या राजाला तीन मुलं. थोरला भानुजी, मधला रायाजी आणि धाकटी येसू. तिघांत वर्षानुवर्षं अबोला. लहानपणी भाऊ येसूला खेळात लिंबूटिंबू ठेवत, म्हणजे तिने नुसतं पळायचं, मोजायचं कुणी नाही. तो राग तिच्या मनातून गेलाच नव्हता. भावाभावांचं तर विचारूच नका! आपल्यामागे राज्याची शकलं होणार, या काळजीने राजाला अन्न गोड लागेना.

त्याने गोंदाजीला बोलावलं. “तिघांना एकत्र आणील असा खेळ कर बाबा.”

गोंदाजीने पटावर एक किल्ला काढला आणि तीन सोंगट्या घडवल्या. एकेकाने एकेका सोंगटीचं सोंग घ्यायचं आणि किल्ल्यातून सुखरूप बाहेर पडायचं. लढवय्याने लढायचं, वैद्याने जखमा बऱ्या करायच्या, मशालजीने उजेड दाखवायचा. उजेड नसेल तिथे कुणाचंच काही चालायचं नाही.

पण भानुजी गुपचूप येऊन म्हणाला, “माझ्या लढवय्याला औषधपाणीही येऊ दे. मशालही दे.”

“बरं, सरकार.”

रायाजीने वैद्यासाठी तलवार आणि मशाल मागितली. “बरं, सरकार.”

येसू तर रडकुंडीलाच आली. “नुसती मशाल? म्हणजे पुन्हा लिंबूटिंबूच ना मी?” तिलाही सगळं मिळालं. गोंदाजीला वाटलं, चला, तिघंही खूश!

राजासमोर पट मांडला. तिघं आपापल्या वाटेने गेले, लढले, बाहेर पडले आणि उठून चालते झाले. कुणी कुणाकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. “गोंदाजी, हे तिघं एकत्र खेळले कुठे? जो तो एकटाच खेळला.”

गोंदाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिघांना परत बोलावलं आणि हात जोडून, पण स्पष्ट सांगितलं, “सरकार, आता प्रत्येकाने आपलं एकच काम करायचं. जास्तीचं काही मिळणार नाही. राग आला तर मला शिक्षा करा.”

तिघंही धुसफुसत बसले. भानुजी तावातावाने भुयारात शिरला आणि घायाळ झाला. रायाजी मागोमाग गेला, पण अंधारात जखम दिसेना. येसूची सोंगटी लांब दाराशीच उभी. येसू ती काही हलवेना.

शेवटी भानुजीने घसा खाकरला. “येसू, मशाल घेऊन ये गं. तू आली नाहीस तर आम्ही दोघंही इथेच मरू.”

येसूने सोंगटी उचलली. “आले रे दादा!”

मुलीच्या तोंडून ‘दादा’ हा शब्द राजाने कितीतरी वर्षांनी ऐकला.

तात्पर्य: ज्याला सगळंच येतं, तो कुणाला हाक मारत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळं काम द्यावं, आणि ते असं द्यावं की त्या कामासाठी इतरांना त्याला बोलवावंच लागेल.