आधी रेघ

“भन्ते, तुम्ही रेघ आधी का मारता?”

विचारणारे होते प्राध्यापक श्रीनिवास अभ्यंकर. पालीचे मोठे जाणकार, आणि ते कोणाला विसरूही देत नसत. सुट्टी लागल्यापासून डोंगरावरच्या या विहारात मुक्काम ठोकून होते. मागणं एकच, भन्ते सुमेध यांनी आपल्याला शिष्य करून घ्यावं. त्यावर भन्तेंनी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

ऐंशीच्या घरातले भन्ते काळ्या रंगवलेल्या भिंतीवर खडूने धडा लिहीत होते. खालच्या वस्तीतल्या बायका दुपारी अक्षरं शिकायला येत. भन्ते आधी लांब आडवी रेघ ओढत आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर तिच्याखाली टांगत.

“रेघ शेवटी असते,” अभ्यंकर म्हणाले. “पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.”

“आतल्या पोराला...”

अभ्यंकरांना कळलं नाही.

भन्तेंनी मग सांगितलं. त्यांच्या गावच्या शाळेत गावकुसाबाहेरची पोरं पडवीत बसत. विटाळ होईल म्हणून वर्गात यायचं नाही. दारातून दिसायची ती गुरुजींची पाठ. अक्षरं पाठीआड राहायची, खांद्यावरून फक्त रेघ ओढणारा हात दिसायचा. गुरुजी बाजूला झाले की रेघेखाली अक्षरं तयार असायची. पाटी तपासायची तर ती जमिनीवर ठेवून मागे सरायचं. गुरुजी छडीच्या टोकानं चूक दाखवायचे.

“आणि मारायचे?”

“फेकून. छडीसुद्धा लांबूनच.”

भन्ते हसले. अभ्यंकरांना हसता आलं नाही.

पण शिकवायची सवय थोडीच जाते? अभ्यंकरांनी दुसरा खडू उचलला. एका मिनिटाचं काम आहे, बघा, म्हणाले आणि भिंतीवर सुबक अ काढला. आधी अक्षर, मग रेघ.

“बघूनच तर शिकलो रे...”

भन्तेंनी खडू धरलेला उजवा हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

अभ्यंकर त्या हाताकडे पाहत राहिले.

“आतल्या पोरांचा हात धरून गिरवून घ्यायचे गुरुजी,” भन्ते म्हणाले. “मी दारातून बघायचो. वाटायचं, अक्षर नाही आलं तरी चालेल... एकदा माझा हात धरावा.”



अभ्यंकर भन्तेंच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. हाडं लागत होती. हात आधी ताठ होता, मग सैल झाला. दोघांनी मिळून वळण घेतलं, मधली जोड घेतली, दांडा ओढला. अगदी शेवटी रेघ.

भन्तेंनी डोळे मिटून घेतले होते. अक्षर त्यांनी पाहिलंच नाही.

अभ्यंकरांना पाठ असलेलं काहीच आठवेना. पायांशी वाकायला म्हणून ते हात सोडू लागले.

“भन्ते, आता तरी मला शिष्य म्हणा...”

“हात सोडू नका, गुरुजी,” भन्ते म्हणाले. “अजून आ राहिलाय.”