खोडलेली दोन नावे

एका तालुक्याच्या गावी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाळगोंडा मास्तर नावाचे एक वृद्ध गृहस्थ मुलामुलींना वजन उचलायला शिकवीत. त्यांच्या शिष्यांत कल्याणी मगदूम ही वीस वर्षांची मुलगी सर्वांत निष्ठावान होती.

त्या वर्षी शहरातून एक आहारविक्रेता गावात आला. "धान्य म्हणजे विष," असे सांगून तो पावडरीचे डबे विकू लागला. कल्याणीने भाकरी सोडली, भात सोडला, फळेही सोडली. अंड्याचा पांढरा भाग, पनीरचा तुकडा आणि पावडर, एवढ्यावर ती दोन वेळचा सराव करू लागली. वजन झपाट्याने उतरले. ती खालच्या वजनी गटात आली, तेव्हा मास्तरांनी सर्वांसमोर तिची पाठ थोपटली. "हलकी झालीस. शाब्बास!"

तिसऱ्या महिन्यात तिची पाळी थांबली. तिला ते संकट वाटले नाही. उलट कटकट मिटली असे वाटले. पुढे केस गळू लागले, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडू लागले, घरी प्रत्येक शब्दावर ती खेकसू लागली. राज्याची निवडचाचणी पंधरा दिवसांवर आली होती, आणि तिला त्यापलीकडचे काही दिसत नव्हते.

एका सकाळी कल्याणीची आई शेडवर आली, मास्तरांशी दोन मिनिटे हळू आवाजात बोलली आणि पदराने डोळे पुसत निघून गेली. मास्तरांनी खिशातून पेन काढले. भिंतीवरच्या, चाचणीला जाणाऱ्या संघाच्या यादीत त्यांनी कल्याणीचे नाव खोडले. मग थोडे थांबून खालचे आणखी एक नाव खोडले, आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

कल्याणी आली, तिने यादी पाहिली आणि ती सरळ मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझं नाव खोडलंत?"

"खोडलं."

"का? काल सगळ्यांत जास्त वजन मीच उचललं!"

"उचललंस. मला आधी कळलं असतं तर कालही बारला हात लावू दिला नसता. पोरी, पाच महिने पाळी नाही, आणि तू गप्प बसलीस?"

शेडमधल्या मुलींनी माना वळवल्या. कल्याणीचा चेहरा लाल झाला. "तो माझा खासगी प्रश्न आहे! आईनं सांगितलं ना? तिला खेळातलं काय कळतं?"

"तिला तू कळतेस!" मास्तरांचा आवाज पत्र्यावर आदळला. "मेहनत दुप्पट केलीस आणि अन्न निम्मं. शरीर काय करणार? हृदय चालवायचं, श्वास चालवायचा, म्हणून त्यानं बाकीची कामं बंद केली. पाळी बंद झाली ती सुटका नव्हे. तो शरीराचा आक्रोश होता. याच वयात हाडं भरतात, आणि तू ती पोखरून वजन उचलतेस! तुझ्या मामाला साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी त्याचा भात कमी केला, ते योग्यच. पण तो दिवसभर दुकानात बसतो. त्याचं ताट तुला कसं चालेल?"

"मग पाठ कोणी थोपटली?" कल्याणी ओरडली. "हलकी झालीस, शाब्बास, हे कोण म्हणालं? तुम्हीच ना?"

मास्तर खुर्चीतून उठले. मग त्यांनी यादीकडे बोट केले. दुसरे खोडलेले नाव त्यांचेच होते. प्रशिक्षक म्हणून त्या वर्षी तेही जाणार नव्हते.

"मी रोज तुझं वजन विचारलं," ते म्हणाले. "तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे."

कल्याणी पाय आपटत घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासणीत कमरेचे हाड विरळ झालेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी सराव निम्म्यावर आणला. सरावाच्या आधी आणि नंतर भाकरी किंवा भात, दोन्ही वेळा डाळ, अंडे बलकासकट, तूप, आणि पुरेशी झोप, असे त्यांनी लिहून दिले. "गोड आणि मैदा कमी करायचा तर जरूर कर," त्या म्हणाल्या, "पण उपाशी राहून ताकद कमावता येत नाही."

आहारविक्रेत्याच्या पुढच्या व्याख्यानात मास्तर मागच्या रांगेतून उठले.

"तुमचं ऐकणाऱ्या किती मुलींना तुम्ही पाळीबद्दल विचारलंत?"

विक्रेता हसला. "आजोबा, तो माझा विषय नाही."

"मग त्यांच्या ताटाला हात लावू नका!"

समोर बसलेल्या चार मुली उठून बाहेर गेल्या. विक्रेता मात्र पुढच्या गावी गेला; तिथेही त्याचे डबे खपले. हे लिहिताना मलाही राग आवरत नाही.

कल्याणीची पाळी परत यायला सात महिने लागले. त्या दिवशी ती सरावाला आली आणि मास्तरांना एवढेच म्हणाली, "आली. पण चाचणी गेली, त्याचा राग अजून आहे माझ्या मनात."

"असू दे," मास्तर म्हणाले. "जेवलीस का?"

"जेवले."

मास्तरांनी मान हलवली आणि तिच्या बारवर स्वतःच्या हाताने वजन चढवले.

ज्या घरात मुलीचे वजन विचारले जाते, त्या घरात 'तू कशी आहेस?' हा दुसरा प्रश्नही विचारला जावा.