गलबताच्या पोटात

कधी असं झालंय का तुमचं, की दारात न मागता गोडाचं ताट येतं, पण ते कुठून येतं हे विचारायचा धीर होत नाही?

पुष्कळ पूर्वीची गोष्ट. समुद्रकाठी एक बंदर होतं. तिथली माणसं गलबतांमध्ये वाटे घेत. गलबत माल विकून परतलं, की ज्याचा जेवढा वाटा, तेवढा नफा त्याला मिळे. मात्र एक रीत होती. ज्या गलबताचा नफा खायचा, त्याच्या पोटात डोकावायचं नाही. दृष्ट लागते म्हणत.

त्या बंदरात सगुणाबाई नावाची विधवा राहायची. नवऱ्यामागे तिला दोन वाटे उरले होते. एक मिठाच्या होडीत, एक काथ्याच्या. तेवढ्यावर तिचं आणि तिच्या आंधळ्या सासूचं पोट चाले. जेमतेम.

मग एके दिवशी धक्क्याला रुपेरी नावाचं गलबत लागलं. ते धुक्यात निघतं आणि धुक्यातच परततं, असं लोक सांगत. पाहिलं कोणीच नव्हतं. पण दर पौर्णिमेला ते दुप्पट नफा वाटायचं.

शेजारची चंद्राक्का म्हणाली, "सगुणा, मीठ चाटून कुणी श्रीमंत झालंय का गं? वीक ते दोन्ही वाटे आणि घाल रुपेरीत. मी तर हातातल्या पाटल्यासुद्धा घातल्या."

सगुणाबाईने दोन्ही वाटे विकले. पैसे पदराला बांधून ती निघाली. टळटळीत दुपार होती. वारा पडला होता. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

धक्क्यावर म्हातारा सुतार एकटाच होडीच्या फटी बुजवत बसला होता.

"कुठं गं पोरी, एवढ्या उन्हाची?"

"रुपेरीत वाटा घ्यायला, आबा."

"घे की. पण आधी ते पाण्यात किती बसलंय ते बघ. भरलेलं गलबत छातीपर्यंत बुडतं. याचे तर गुडघेही भिजलेले नाहीत."

"मग दर महिन्याला नफा येतो कुठून?"

"ते मला काय विचारतेस? आत जाऊन बघ."

सगुणाबाईने पाहिलं. गलबत पाण्यावर सुक्या पानासारखं तरंगत होतं. तिला दृष्टीची भीती वाटली. मग घरी वाट बघणारी सासू आठवली, आणि ती फळीवरून वर चढली.

वर कोणी नव्हतं. तिने तळघराचं झाकण उचललं.

आत माल नव्हता. एक पोतंसुद्धा नाही. नुसती माणसं, एकामागे एक रांगेत बसलेली. प्रत्येकजण मागच्याकडून एक पुरचुंडी घेई आणि पुढच्याच्या हातात देई. आवाज कसलाच नाही. त्या रांगेत चंद्राक्का होती. आत्ता तर ती आपल्या अंगणात पापड लाटत होती! हिचे डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती.

"अक्का," सगुणाबाईने वरूनच विचारलं, "इथं कसला व्यापार चालतो?"

"कसला म्हणजे? मागच्याचं घ्यायचं, पुढच्याला द्यायचं."

"आणि सगळ्यात मागे कोण?"

सगळी तोंडं एकदम तिच्याकडे वळली. रांगेच्या शेवटी एक पाट मांडला होता. रिकामा.

"बस ना," अक्का लाडाने म्हणाली. "तुझ्यामागे येईल की कुणीतरी."

सगुणाबाई जी पळत सुटली, ती वाटे विकत घेणाऱ्याच्या दारातच थांबली. थोडी खोट खाऊन तिने दोन्ही वाटे परत घेतले. मग चंद्राक्काला सगळं सांगितलं.

"पोटात डोकावलीस?" अक्का किंचाळली. "आता काही झालं तर ते तुझ्यामुळे!" आणि तिने दार लावून घेतलं.

पण अंगणातलं बोलणं चार घरांनी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी रुपेरीत नवा वाटा घ्यायला कोणीही गेलं नाही.

म्हणून सांगते बाळांनो, नफा किती मिळतो हे विचारण्याआधी तो कशातून येतो हे आपल्या डोळ्यांनी पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का मोकळा होता, आणि चंद्राक्का सगुणाबाईच्या दारात पसाभर तांदूळ मागायला उभी होती.