सुदामची नवी वेबसाइट

गिरणीत दळण ठेवताना कानावर आलं, "सुदामच्या घरात लग्न ठरलं म्हणे, पण..." तेवढ्यात पट्टा फिरला आणि पुढचं पिठात गेलं. दळण तिथंच सोडून मी निघाले. अर्धवट ऐकलेलं मला पचत नाही.

तर आमच्या गावात, आमच्या भिंतीला भिंत लावून, एक भोळा सुदाम राहतो. हार्मोनियम दुरुस्त करतो. त्याची स्वतःची वेबसाइट होती, रूपाची कसर तिनं भरून निघायची. मिरजेच्या स्थळानं कळवलं, "आधी वेबसाइट बघू, मग मुलगा." नेमकं जुनं सॉफ्टवेअर बंद पडायला आलेलं. मग पुण्याच्या अक्कानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, नवं घ्यायला लावलं.

"यात नमुना तयारच असतो," अक्का फोनवर म्हणाली. "उगाच कशाला हात लावू नकोस."

सुदामनं नाही लावला. नमुन्यातली सोनेरी केसांची बाई आणि तिची दोन गोंडस पोरं तशीच राहिली. वर नाव सुदामचं. मिरजकरांनी अक्काला विचारलं, "मुलगा बिजवर आहे का हो?"

"गाढवा," अक्का म्हणाली, "जे आपलं नाही ते काढायचं."

सुदाम आज्ञाधारक. बाई काढली, पोरं काढली. घर काकांचं, पत्ता काढला. फोन अक्कानं घेऊन दिलेला, नंबर काढला. नाव बारशाला आत्यानं ठेवलेलं, तेही काढलं. वेबसाइट कशी सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ.

"अरे, काहीही पक्कं करण्याआधी चार जणांना दाखवावं," अक्का म्हणाली, आणि वेबसाइट तिनंच नीट केली.

आज मिरजकर घर बघायला आले, मुलीसकट. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय सुदामराव, रेवती पसंत?"

"थांबा, चार जणांना दाखवतो."

सुदाम बाहेर गेला आणि वाणी, न्हावी, पोस्टमन यांना घेऊन आला. चौथा आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेला माझा धाकटा भाऊ अविनाश. चौघांनीही माना डोलावल्या. तिघांना घरी बायका होत्या.

रेवतीनं अविनाशला विचारलं, "तुमची वेबसाइट आहे?"

"नाही."

"मग बोलू या."

मी दारात पोचले तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं. म्हणजे गिरणीतलं खोटं नव्हतं. लग्न सुदामच्याच घरात ठरलं. नवरा तेवढा आमच्या घरचा.

सुदाम कोपऱ्यात अक्काला फोनवर सांगत होता, "तू म्हणालीस तसंच केलं. चौघांनाही पसंत."

"आणि तुला रे?"

"मला तर फार आवडली, अक्का. पण मी त्या चौघांत कुठं होतो?"