ठकूबाईचा पदर

भिवनाथ महाराज त्या वर्षी सांजखेड गावी, ओढ्याकाठच्या मठीत मुक्कामाला होते. कमरेला पंचा आणि खांद्यावर दोन हात लांबीची भगवी छाटी, एवढाच त्यांचा संसार. दुपारी ते निरूपण करीत आणि सारा गाव ऐकायला जमे.

गावाबाहेर टेकडीखाली पाथरवटांच्या झोपड्या होत्या. दोन वर्षे खाण बंद होती. पुरुष कामाच्या शोधात परमुलखात गेले होते, मागे बायका कोंड्याची भाकर खाऊन दिवस काढीत. त्यांतच ठकूबाई नावाची एक विधवा आणि तिची सून गवरा राहत. दोघींची महाराजांवर अपार श्रद्धा. पण एक दिवस ठकूबाई दर्शनाला येई, दुसऱ्या दिवशी गवरा. दोघी मिळून कधीच आल्या नाहीत, कारण त्या घरात धडके लुगडे एकच होते! एक बाहेर पडली की दुसरी गोणपाट गुंडाळून, दार लावून घरात बसे. हे दुःख त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

गावात हिराशेट नावाचे कापडाचे मोठे व्यापारी होते. दुकान गठ्ठ्यांनी भरलेले, आणि नजर अशी की लांबून सूत ओळखावे. दोघींच्या अंगावर तेच निळे लुगडे, खांद्याजवळ तेच ठिगळ, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच हेरले. त्यांना दया आली नाही, गंमत वाटली. मठीत बसल्या बसल्या ते शेजाऱ्याला विचारीत, आज लुगड्यात कोण आलंय, सासू की सून? आणि आसपासचे लोक तोंडावर उपरणे धरून हसत.

गवराचा नवरा परमुलखात गेला तेव्हा तिला दिवस गेले होते. पुढे तिला मुलगी झाली. महाराजांना फार आनंद झाला. बारसे मठीत करावे, बाळाला आत्या नाही तर आजीनेच कानात नाव सांगावे, असे त्यांनी सांगून पाठवले. आता आली पंचाईत. नाव सांगायला आजी हवी, बाळाला घेऊन बसायला आई हवी आणि लुगडे तर एकच! ठकूबाईने सुनेला नेसवले, बाळ तिच्या हातात दिले आणि म्हातारीला ताप आलाय असे सांग म्हणून तिला धाडले.

मठीत पाळणा फुलांनी सजला होता. गवरा एकटीच आलेली पाहून महाराजांनी विचारले, "आजी कुठे?"

गवराला महाराजांपुढे खोटे बोलवेना. ती खाली मान घालून उभी राहिली. तेवढ्यात हिराशेट मोठ्याने म्हणाले, "महाराज, सासूबाई कशा येतील? लुगडं तर सूनबाई नेसून आल्यात!"

मठीत हशा पिकला. गवराच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले. महाराज मात्र हसले नाहीत. ते आसनावरून उठले आणि टेकडीची वाट चालू लागले. गवरा बाळाला घेऊन मागे निघाली आणि तिच्यामागून सारा गाव.

ठकूबाईचे दार आतून लावलेले होते. महाराज बाहेरून म्हणाले, "आई, नातीचं नाव ठेवायला चला."

 आतून ठकूबाई म्हणाली, "महाराज, माझ्यानं दारात येववत न्हाई."

महाराजांनी खांद्यावरची छाटी काढली. एक टोक मुठीत धरले आणि दुसरे दाराच्या फटीतून आत सरकवले. "हे नेसून या," ते म्हणाले.

दोन हातांच्या तुकड्यात काय नेसायचे? पण गुरूची आज्ञा, म्हणून ठकूबाईने टोक कमरेला खोचले आणि ओढू लागली. छाटी आत जाऊ लागली. कासोटा झाला, निऱ्या झाल्या, पदर डोक्यावर आला, तरी कापड येतच होते! बाहेर लोक डोळे विस्फारून पाहत होते. महाराजांच्या मुठीतून वस्त्र झऱ्यासारखे वाहत होते. एवढ्यात आतून हसू ऐकू आले.

"महाराज, पुरं! पदर संपंना की!"

हिराशेट पुढे झाले. यात काही हातचलाखी आहे, असे म्हणून त्यांनी मुठीजवळ कापड धरले आणि ओढायला सुरुवात केली. ओढता ओढता पायाशी ढीग झाला. असा मऊ, घट्ट पोत त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कपाळावर घाम आला, हात भरून आले, पण कापड काही संपेना.

तेव्हा शेजारच्या बंद दारामागून एका बाईचा दबका आवाज आला, "महाराज, मला बी मिळंल का?"

मग पलीकडच्या दारामागून दुसरीचा. मग तिसरीचा.  एवढ्या बायका इतके दिवस दारांआड बसून होत्या आणि कोणाला पत्ता नव्हता!

महाराज म्हणाले, "शेट, धरलंच आहे, तर मापून द्या."

हिराशेटांनी मान खाली घातली आणि मापायला लागले. अठरा हात झाले की फाडायचे, दाराच्या फटीतून आत द्यायचे. एकेक दार उघडू लागले. बायका बाहेर आल्या आणि एकमेकींना बघून हसू लागल्या. कितीतरी महिन्यांनी त्या साऱ्या एका वेळी उन्हात उभ्या होत्या! शेवटच्या बाईचे लुगडे फाडले आणि मुठीत दोन हातांची छाटी उरली.

हिराशेट महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, घरात गठ्ठे भरलेत माझ्या. मी यांच्या लाजेला हसलो."

"लाज त्यांची नव्हती, शेट," महाराज म्हणाले. "ती आपली होती, साऱ्या गावाची." आणि ते एक पाऊल बाजूला सरले. समोर ठकूबाई उभी होती. हिराशेटांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. म्हातारी गडबडली, आधी मागे सरली आणि मग तिनेच त्यांना दंडाला धरून उठवले.

बारसे तिथेच झाले. पाळणा मठीतून आणवला आणि त्याची दोरी पहिल्यांदा हिराशेटांच्या हाती दिली गेली. ठकूबाईने पदर सावरला, वाकली आणि नातीच्या कानात नाव सांगितले. सारा गाव टाळ्या वाजवीत होता, आणि भक्तहो, त्या बायकांनी पाळणा असा खड्या आवाजात म्हटला की पार ओढ्यापलीकडे ऐकू गेला.