तळ्यातली काळी पोत

पूर्वी भोगवर्धन नगरात जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी अमात्य होते. राजा मनाने चांगला, पण हलक्या कानाचा.

एकदा राजपुत्र तापाने फणफणला. त्याच सुमारास बागेतल्या तळ्यात कमळांच्या देठांना गुंडाळलेले लांबच लांब दोर दिसले. दोर बुळबुळीत, आरपार दिसणारे आणि आत काळे मणी ओळीने ओवलेले. राजपुरोहिताने पाहताक्षणी ती करणी ठरवली. नगरात काळ्या पोती ओवणारी एकच बाई होती, नालिका नावाची विधवा. तिच्या दाराशी पहारा बसला. तिला हाकलून तळे बुजवायचे, असे ठरत आले. महामात्याचे आसन तेव्हा रिकामे होते आणि बोधिसत्त्वांनी नुसती मान डोलावली तर ते त्यांचेच, असे पुरोहिताने सुचवूनही ठेवले होते.

राजाने त्यांचे मत विचारले.

"महाराज, हे काय आहे ते मला ठाऊक नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "पुरोहितांनाही नाही. कळेपर्यंत थांबावे. करणीच निघाली, तर नालिकेबरोबर मीही नगर सोडीन."

दोराचा एक तुकडा तळ्याच्या पाण्यासकट, शेवाळासकट घंगाळात घालून राजाच्या महालात ठेवला. पहिल्या दिवशी राजा लांबूनच पाहत होता. मग मणी लांबट झाले, वळवळले आणि शेपट्या हलवत बाहेर पडले. राजाने आपले आसनच घंगाळाशी ओढून घेतले. पुरोहित म्हणाला, हे मासे. काही दिवसांनी माशांना मागचे पाय फुटले. पुढचेही पाय आले. शेपूट आखडत गेली आणि एके सकाळी दिसेना. ती कोणी कापली, असे राजाने पहारेकऱ्यांना दरडावून विचारले. कोणी कापली नाही, अंगातच जिरली, असे बोधिसत्त्वांनी दाखवले, तेव्हा राजाला स्वतःचेच हसू आले. दरम्यान वैद्याच्या काढ्याने राजपुत्राचा तापही उतरला होता.

"पण हे बेडूक कुणाचे?" राजाने विचारले. बेडकांची अंडी त्याने पूर्वी पाहिली होती. ती पुंजक्याने असत, दोरात नसत.

संध्याकाळी बोधिसत्त्व त्याला बागेतल्या दिव्याखाली घेऊन गेले. तिथे एक भेक, म्हणजे जमिनीवर राहणारा खरखरीत अंगाचा बेडूक, किडे टिपत बसला होता. अंगभर चामखिळी, डोक्यावर काळ्या कडा, बोटांची टोके काजळात बुडवल्यासारखी, डोळ्यांमागे फुगीर गाठी. लांब उडी न मारता तो टुणटुण बाजूला झाला. ज्याची किळस येऊन लोक ज्याला काठीने ढकलतात, तोच हा; दोरातली अंडी याच्याच जातीची.

राजा तसाच नालिकेच्या घरी गेला. पहारा बसल्यापासून तिच्या दारी एकही गिऱ्हाईक आले नव्हते. राजाने हात जोडले आणि ती काही मागेल म्हणून वाट पाहिली.

"महाराज, लेकरू बरं आहे ना आता?" तिने विचारले.

राजाला मान वर करता आली नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुरोहित म्हणजे आज न पाहता दोष ठेवणारा भिक्षू कुंडक. नालिका म्हणजे त्याने दोष ठेवलेली भिक्षुणी वासिका. राजा म्हणजे त्याचे ऐकणारे तुम्ही सारे. अमात्य मीच होतो. 'मला ठाऊक नाही' असे म्हणून पाहत राहणे, हीच प्रज्ञा."